सवलत माणसाला की गाडीला?

परळच्या टाटा रुग्णालयात केमोसाठी निघालेला नाशिकचा रुग्ण सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसच्या वातानुकूलित चेअर कारमध्ये बसला, तर त्याला मूळ भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. सोबतच्या एका माणसालाही मिळते. त्याच सकाळी, त्याच रुळांवरून नांदेडची वंदे भारत मुंबईला जाते. तीही चेअर कारच, तीही दादरला थांबते आणि वेळही कमी घेते. तिच्यात सवलत शून्य. ज्याला तीन तास बसणंसुद्धा जड जातं, त्यानं कमी वेळात पोहोचायचं ठरवलं की पूर्ण पैसे मोजायचे.

रेल्वेच्या भाड्यांचा आणि सवलतींचा सगळा गुंता इथं आहे. नियम प्रवाशाकडे बघत नाहीत, गाडीकडे आणि डब्याकडे बघतात. याच कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण माफी आहे, टू टायरमध्ये निम्मी सवलत आहे, चेअर कारमध्ये 75 टक्के आहे. नाशिक–मुंबई हा दिवसाचा, बसून जायचा प्रवास. म्हणजे पूर्ण माफीचे डबे या माणसाच्या सोयीच्या गाडीला जोडलेलेच नसतात.

बरं, 75 टक्के म्हणजे पाव पैशांत तिकीट, असंही समजू नका. सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार पूर्ण भरावा लागतो. दोन सवलती एका तिकिटावर चालत नाहीत. सवलतीचं तिकीट काढल्यावर वरच्या वर्गात जायचं म्हटलं, तर फरक भरूनही जाता येत नाही. आणि तत्काळ तिकिटावर सवलत नाहीच.

हा तत्काळचा नियम मला सगळ्यांत जास्त खुपतो. केमोची तारीख आपल्या हातात नसते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी भरल्या की डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, मग नवी तारीख अचानक येते. तोवर साध्या आरक्षणाची यादी लांबलेली असते आणि उरतं ते तत्काळ. ज्याला आयत्या वेळी तिकीट काढण्यावाचून गत्यंतर नाही, त्याचीच सवलत आयत्या वेळी जाते. हौसेनं ऐनवेळी सहल ठरवणारा आणि हा रुग्ण, दोघांना एकाच रांगेत उभं करणारा नियम बदलायला कायदा करावा लागत नाही. रेल्वे बोर्डाचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

ज्येष्ठांची तर सवलतच गेली. 20 मार्च 2020 पर्यंत साठीच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांच्या महिलांना 50 टक्के सवलत होती. कोरोना आला, लोकांनी प्रवास टाळावा म्हणून ती थांबवली. कोरोना गेला, गाड्या भरल्या, सवलत परतली नाही. कोरोनाआधी काही वर्षं रेल्वे ज्येष्ठांना विचारत होती, तुमची सवलत स्वेच्छेनं सोडता का? निदान विचारत तरी होती. ऑगस्ट 2022 मध्ये संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनं सांगितलं की किमान स्लीपर आणि थ्री टायरमध्ये ती पुन्हा द्यायचा विचार करा. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सवलत परत मागणारी याचिका धोरणाचा प्रश्न म्हणून फेटाळली. म्हणजे चेंडू सरकारच्याच अंगणात आहे.

सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत आधीच मिळते आहे, कारण भाडं खर्चापेक्षा कमी आहे. तिकिटावरही रेल्वे खर्चाच्या 57 टक्केच वसूल करते, असं छापलेलं आपण वर्षानुवर्षं वाचलं. आकडा खरा धरला तरी तो उत्तर होत नाही. ती मदत पंचवीस वर्षांच्या पगारदारालाही मिळते आणि पेन्शन नसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईलाही तेवढीच मिळते. गरज जास्त तिथं हात जास्त सैल सोडायचा, यासाठीच तर सवलत असते. साठीचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या महिलांना खालचा बर्थ देण्याची व्यवस्था रेल्वेनं आजही ठेवली आहे. त्यांची हाडं रेल्वेला कळतात. खिसा का कळू नये?

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जा. 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं. आधार कार्ड दाखवलं की झालं, वाहकालाही पाठ आहे. एसटीचा तोटा, सरकारकडून तिला मिळायची भरपाई, हे प्रश्न मोठे आहेत आणि ते सुटलेच पाहिजेत. पण निफाडच्या आजीला आपलं तिकीट किती लागणार हे घरातून निघताना ठाऊक असतं. रेल्वेचं तसं नाही. दाखला घेऊन खिडकीवर जायचं, रांग संपेपर्यंत उभं राहायचं आणि मग कळायचं की या गाडीला चालत नाही.

आता 2027 चा सिंहस्थ. देशभरातून म्हातारी माणसं रामकुंडावर आणि त्र्यंबकला येतील, जादा गाड्या सुटतील. अशा गाड्या बहुतेकदा विशेष भाड्याच्या असतात: दुसऱ्या वर्गाला मूळ भाड्यावर 10 टक्के आणि बाकी वर्गांना 30 टक्के जादा, शिवाय सवलत बाद. गर्दी हीच ज्यांची अडचण, त्या दिव्यांगांना आणि आजाऱ्यांना गर्दीच्या दिवसांतच पूर्ण भाडं. नाशिकच्या खासदारांनी आणि भुसावळ विभागानं आत्ताच, वेळापत्रक छापलं जाण्याआधी, रेल्वे बोर्डाकडून एवढं लिहून घ्यावं: सिंहस्थाच्या सगळ्या जादा गाड्या साध्या भाड्यानं धावतील, त्यांत रुग्ण आणि दिव्यांगांची सवलत चालेल, आणि कुठल्या गाडीला कुठली सवलत आहे त्याचा मोठ्या अक्षरांतला मराठी फलक नाशिकरोडच्या आरक्षण केंद्राबाहेर, रांग सुरू होते तिथंच लागेल.