मुक्काम गल्ला, बुधवार पेठ

श्रीमंत राजमान्य राजश्री मालक,
मुक्काम गल्ला, अप्पा बळवंत चौकाजवळ, बुधवार पेठ, पुणे 2
यांसी सेवक काउंटर नंबर तीन याचा कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम. म्हणजे पोटऱ्या भरून आल्यात, टाचा ठणकताहेत, पण हे सगळं क्षेमातच धरायचं असं आपणच शिकवलंय. पत्रात नाव घालत नाही, आपलंही नाही आणि माझंही नाही. चौकात पुस्तकांची इतकी दुकानं आहेत की प्रत्येक मालकाला हे पत्र शेजारच्या मालकासाठी आहे असं वाटेल. नोकरांपैकी ज्याला त्याला मात्र ते आपणच लिहिल्यासारखं वाटेल.

सुरुवात आभारानं करतो. आपण आम्हाला कधी नोकर म्हणत नाही, 'घरची माणसं' म्हणता. या दोन शब्दांवर आपण जेवढे पैसे वाचवलेत, तेवढे दहावीच्या गाईडवर कमावले नसतील. घरच्या माणसाला पगाराची पावती कशाला? घरचं माणूस जादा तासांचे पैसे मागतं का? आजारी पडलं तर घरचं माणूस रजेचा अर्ज देत नाही, 'येतो बारापर्यंत' म्हणतं. बोनस हा परक्यांना द्यायचा प्रकार. आम्हाला चिवड्याचा पुडा आणि दिवाळीपर्यंत न खपलेली चालू वर्षाची डायरी. तिची डिसेंबरची पानं अजून उपयोगात येतात, हे नाकारत नाही.

दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. 2025 पर्यंत दहा किंवा त्याहून जास्त कामगार असले की तो पूर्ण लागू होता. तेव्हा दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला आठ किरकोळ रजा. म्हणून तर आपल्या मस्टरवर कायम नऊच नावं. उरलेल्यांत एक 'शिकाऊ', एक 'गावाकडनं आलेला', आणि एक 'हंगामी', ज्याच्या मिशा या हंगामातच पिकल्या. त्यातून सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं दहाची मर्यादा वीसवर न्यायला आणि नऊ तासांचे दहा करायला मंजुरी दिली. त्या दिवशी आपण सगळ्यांना पेढा दिलात. कशाचा ते सांगितलं नाहीत, पण आम्हीही पेपर विकत नसलो तरी वाचतो.

आता जूनबद्दल. नारायण मेघाजी लोखंड्यांनी खटपट करून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती 10 जून 1890 ला. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण 10 जूनला आपल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळ्यांचे रविवार 'पुढं बघू' या खात्यावर जमा झालेले असतात. काउंटरपलीकडं माणसांच्या चार रांगा. एका आईच्या हातात मोबाईल, त्यावर शाळेच्या ग्रुपमधली यादी, तीही आडवी. "तिसरीचा पूर्ण सेट, वह्या एक डझन, त्यात दोन चाररेघी, दोन चौकटीच्या." गणित वरच्या फळीवर, परिसर अभ्यास तळघरात. मी शिडीवर चढतो, उतरतो, तळघरात जातो, वर येतो, तोवर मोबाईल लॉक झालेला असतो आणि त्या म्हणतात, "अहो, सेमीचं हवं होतं." मी परत शिडीवर. असा दिवस गेल्यावर साडेतीनच्या सुमाराला जरा उसंत मिळते आणि मी काउंटरला नुसता टेकतो.

आणि लँडलाइन वाजतो.

"तीन नंबर, का टेकलायस रे?"

दुपारी एक ते चार मालक घरी पलंगावर आडवे असतात, पण कॅमेरा उभाच असतो. पडल्या पडल्या दुसऱ्याचं बसणं सहन न होणं ही साधी गोष्ट नव्हे, त्याला साधना लागते.

स्टूल मागितलं तर म्हणालात, गिऱ्हाइकासमोर बसणं उद्धटपणाचं दिसतं. पुण्यातल्या दुकानदारानं गिऱ्हाइकाशी उद्धटपणा होईल म्हणून काळजी करावी, यावर मी रात्रभर विचार केला. मग आम्ही पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकू लागलो, तर आपण धावत आलात. "अरे, ही सरस्वती आहे! विद्येवर बसतोस?" खरंय. विद्येवर बसू नये, तिच्या शिडीवर दिवसभर उभं राहावं. गल्ल्यावर, म्हणजे साक्षात लक्ष्मीपाशी, मात्र गादीची फिरती खुर्ची चालते. देवींमधला हा भेद जोगेश्वरीच्या देवळातल्या गुरुजींना एकदा विचारून घेईन.

बरं, उभं राहणं ही काही आपली परंपरा नव्हे. दुकानापासून चार पावलांवर बेलबाग मंदिर आहे, नाना फडणवीसांचं. अख्ख्या पेशवाईचा जमाखर्च ज्यांनी धाकात ठेवला, त्या नानांचे कारकून बैठकीवर बसून लिहीत. जुन्या पेठेतल्या दुकानांत गादी-लोड असे, विकणारा बसे, घेणाराही बसे. काउंटर आला आणि आम्ही उभे राहिलो. या पेठेचा पाया औरंगजेबाच्या काळातला, तेव्हा नाव मोहियाबाद. तोही इथं मुक्कामाला होता, पण काही महिन्यांत उठून गेला. आपल्याबद्दल तशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

दक्षिणेत काय झालं तेही कानावर घालतो. कोळिकोडमध्ये मिठाई तेरुवू नावाची बाजारपेठ आहे, आपल्या लक्ष्मी रोडची बहीण शोभेल अशी. तिथल्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची बंदी होती. त्यांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि 2018 मध्ये केरळनं कायदाच बदलला: दुकानात कामगाराला बसायची सोय द्यायची. 2021 मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. तिथली गिऱ्हाइकं त्यानंतर कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

थट्टा बाजूला ठेवून एकच सांगतो. 2024 मध्ये पुण्यातल्याच एका बड्या कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागून काही महिनेच झालेली 26 वर्षांची मुलगी गेली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, ते देशभर वाचलं गेलं. नंतर कामगार खात्याच्या पाहणीत निघालं की त्या ऑफिसची याच दुकान कायद्याखाली नोंदणीच नव्हती. काचेच्या इमारतीत आणि आपल्या तळघरात फरक वातानुकूलनाचा. त्या आईच्या पत्रापुढं माझं पत्र पोरखेळ आहे, हे मला कळतं. म्हणूनच मागणं एका स्टुलापुरतं ठेवलंय.

आम्ही इतकी वर्षं निभावलं कसं, हेही आपल्याला कळायला हवं. आपली स्कूटर चौकात वळली की दारावरचा पोरगा ओरडतो, "बालभारती आली का रे?" आपल्याला वाटतं, पोराचं मालाकडं किती लक्ष! शब्दकोशांच्या रॅकमागची दीड फूट जागा कॅमेऱ्यात येत नाही, तिथं आम्ही पाळीपाळीनं टेकतो. शब्दकोश शोधायला आम्हाला दहा मिनिटं का लागतात, याचा उलगडा आता झाला असेल. आपण ओरडता तेव्हा आम्ही मान हलवत मनात पाढे म्हणतो. शिकाऊ पोराचा एकोणतीसचा पाढा आपल्यामुळंच पक्का झाला. या खुणा सांगून टाकायला हरकत नाही, नव्या ठरल्यात.

खरं सांगू, ओरडणारा मालक परवडतो. ओरडून झालं की तो चहा मागवतो आणि विसरतो. जड जातं ते आपलं प्रेम. कायद्यानं जे आमचं आहे, ते आपण पाठीवर हात ठेवून, 'तुझ्यासाठी म्हणून' देता. अर्धा दिवस रजा दिलीत की वर्षभर ती आठवण करून देता. भांडावं तर कृतघ्न ठरतो, गप्प बसावं तर घरचा. त्यापेक्षा परकं करा. मस्टरवर दहावं, अकरावं, बारावं नाव लिहा, पावती द्या, आणि मग खुशाल ओरडा.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
काउंटर नंबर तीन

ता. क. वर्गणी जमली आहे. मंडईजवळ प्लॅस्टिकची स्टुलं मिळतात, तीन घेतोय, निळी. सोमवारपासून कॅमेऱ्यात दिसतील. तेव्हा फोन करू नये. उचलायला उठावं लागतं.