सिंकखालची गिरणी कशी निवडावी?

प्रथम घरात सिंक आहे याची खात्री करा. मोरीच असेल तर इथेच थांबा. मोरीला मोटर बसवणारा कारागीर अजून साताऱ्यात नाही आणि सांगलीतही नाही.

सिंक असेल तर त्याचं भोक मोजा. खरकटं दळणाऱ्या यंत्राला साधारण ९० मिलिमीटरचं भोक लागतं. कमी भरलं तर प्लंबर म्हणेल, “करू की ॲडजस्ट.” त्याला चहा द्या, ॲडजस्ट करू देऊ नका.

यंत्र मूळचं अमेरिकेतलं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने ते १९२७ साली घडवलं. त्यामुळे तिकडचा भाचा “येताना बॅगेतून आणतो, मामा” असं म्हणणारच. नको म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पहिल्याच बटणाला यंत्र स्वतःचीच विल्हेवाट लावेल.

आता ताकद. अर्धी अश्वशक्ती की एक? दुकानदार एकच म्हणेल, त्याचं दुकान आहे. पण आतली रचना समजून घ्या. आत पाती नसतात. एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे ठोकळे खरकटं कडेच्या खरखरीत कड्यावर आपटतात आणि लगदा पाण्याबरोबर वाहून जातो. चिवट धागा मिळाला की तो तबकडीला गुंडाळला जातो. म्हणून शेवग्याच्या शेंगेचा चोथा, कणसाची सालं, नारळाची शेंडी, उसाचं चिपाड यातलं काही आत टाकू नये. मटणाची नळी तर नकोच. भात फुगतो, रश्श्यावरचा कट पाइपात थिजतो, तेही नको. उरली काकडीची सालं आणि एखादा नासका टोमॅटो. अर्धी अश्वशक्ती पुष्कळ झाली.

यंत्र चालू असेपर्यंत नळही सोडून ठेवावा लागतो. तेव्हा दळणाची वेळ तुम्ही नाही, घरावरची टाकी ठरवेल.

लगदा जातो कुठे? घराला सेप्टिक टँक असेल तर तो लवकर भरेल आणि मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याशी घरोबा वाढेल. नसेल तर गटारात. साताऱ्याचे ओढे-नाले कसेही वळले तरी शेवटी कृष्णा गाठतात आणि कृष्णा कराडवरून सांगलीला येते. म्हणजे सातारकराने यंत्र घेण्यापूर्वी सांगलीच्या पाहुण्यांना विचारलेलं बरं. सांगलीकरांनीही फार हसू नये. शेरी नाला नदीत काय आणून सोडतो हे त्यांना पाठ आहे आणि खाली नृसिंहवाडीला भाविक डुबकी मारतात.

याशिवाय बाजारात दोन जुनी मॉडेलं आहेत. एक घंटागाडी, तिच्यासाठी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, एवढंच. दुसरं शेजारची म्हैस. तिला चिपाड चालतं, कणसाची सालं चालतात, व्होल्टेजची तक्रार नाही. मात्र खरकटं गाठ मारलेल्या पिशवीतून देऊ नका; ती पिशवीसकट गिळते आणि प्लास्टिक पोटात साठून राहतं.

तरीही यंत्रच हवं असेल तर बटण पोरांच्या हाताला येणार नाही इतकं वर बसवा. आत काही अडकलं तर हात घालण्याआधी प्लग काढा. आणि आहेरात आलेले स्टीलचे चमचे आजच मोजून ठेवा.