रेसिंग क्लचचे हार्दिक अभिनंदन

रोजच्या गाडीला रेसिंगचा क्लच बसवणाऱ्या सातारा-सांगलीच्या तमाम तरुणांचे जाहीर अभिनंदन! कंपनीची ऑरगॅनिक प्लेट हळुवार धरते, हाफ क्लच निमूट सोसते. असली मवाळ वृत्ती काय कामाची? सिरॅमिक बटणांची प्लेट कशी एकदम झडप घालते! पेडल तर इतके कडक, की तालमीची फी वाचते.

रेसट्रॅक कोइमतूर-चेन्नईला आहेत, ही तक्रार फिजूल. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे फूट-फूट सरकताना गाडी हिसके देते, जळका वास सुटतो. शर्यतीचा थरार आणखी कोणता? आनेवाडी टोलनाक्यावर स्टार्टचे पाच लाल दिवे आणि खड्ड्यांना रीतसर नंबर, एवढेच शासनाने मनावर घ्यावे.

गळीत हंगामात स्पर्धा खरी रंगते. इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या आणि मोठ्ठे गाणे. मागे पहिल्या गिअरात आमचा रेसर. चौकशीअंती कळते, की सिरॅमिक प्लेट ट्रॅक्टरलाही आहे, आणि ती कारखान्याच्या गेटपर्यंत पहिला नंबर सोडत नाही.

विजेत्याच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो. उपविजेत्याने रात्री तेवढे अंतर राखावे.