मागच्याला सोडून कुठे निघालात?

पावसाळा असो की पोपटीचे थंडीचे दिवस, रविवार उजाडला की नागोठण्यावरून मोटरसायकलींच्या झुंडी जाऊ लागतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबईहून पहाटे निघालेल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. कोकणात उतरायचं तर पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ करत आमच्याच दारावरून जावं लागतं. पुढे कुणी वाकणला पालीकडे वळतो, कुणी सुकेळी खिंड ओलांडून कोलाड आणि ताम्हिणी गाठतो, कुणी थेट गोवा धरतो. मध्ये कुठेतरी चहाला थांबतात. हेल्मेट टाकीवर ठेवली जातात आणि मग एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तो मागचा ड्युकवाला बघितलास? मरणार तो एक दिवस."

सगळे हसतात. आज मला या हसण्याबद्दलच बोलायचं आहे.

तो मरेल असं तुम्हाला खरंच वाटतं ना? वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही. मग हे एकमेकांना काय सांगता? तो पोरगा चार पावलांवर उभा आहे, त्याला का नाही सांगितलंत? ज्याचा जीव जाणार त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळवायचं, याला अनुभव म्हणत नाहीत.

आधी त्या पोराच्या हातात काय आहे ते बघा. केटीएमची ड्युक पुणे जिल्ह्यात, चाकणला बनते. २०१२ साली २०० सीसीची आली, पुढच्याच वर्षी ३९० आली. ३९० ची ताकद त्रेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास. नागोठण्यातला कामगार ज्या स्प्लेंडरवर कारखान्यात जातो तिची ताकद आठच्या घरात. म्हणजे पाचपटीहून जास्त, आणि वजनात मात्र पन्नास-साठ किलोंहून जास्त फरक नाही. मनगट जरा जास्त वळलं की गाडी चालवणाऱ्याच्या विचाराच्या पुढे निघून जाते. ही गाडी वाईट नाही. जाणत्याच्या हातात तिचे ब्रेक आणि तिची पकड जीव वाचवतात. प्रश्न हाताचा आहे.

आणि तो हात तयार करायची जबाबदारी आपल्याकडे कुणाचीच नाही. परवान्यावर लिहिलेलं असतं 'गिअर असलेली मोटरसायकल', बस्स. रायगडच्या पोराने पेणला जाऊन शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, की परवाना मिळाला. त्याच परवान्यावर तो दुसऱ्या दिवशी दोनशे अश्वशक्तीची हजार सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा या दोन गाड्यांत फरक करत नाही.

ब्रिटनमध्ये हे पायऱ्यांनी होतं. सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, आणि त्यावर दोन वर्षं काढून पुन्हा परीक्षा दिली तरच कितीही ताकदीची गाडी. थेट मोठी गाडी हवी असेल तर वय २४ लागतं. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे सरकारने २०१८-१९ मध्ये १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं. चांगलं केलं. चाक घसरू नये याची सक्ती झाली. चालवणाऱ्याने काय शिकावं याची सक्ती अजून व्हायची आहे.

शोरूममधला विक्रेता काय करतो? किल्लीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढतो. "याआधी कुठली गाडी चालवत होतास?" हा प्रश्न विचारला तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून तो विचारत नाही. हप्ता बसतो का, एवढंच बघितलं जातं.

आणि बाप? बारावीला टक्के पडले म्हणून गाडी. कॉलेज लांब आहे म्हणून गाडी. मित्राकडे आहे म्हणून गाडी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे अनेक बापांना ठाऊकच नसतं. ठाऊक असतं ते म्हणतात, "गावातल्या गावात तर चालवतो." गावातल्या गावात शाळा सुटते, बाजार भरतो, म्हाताऱ्या रस्ता ओलांडतात.

आता पुन्हा तुमच्याकडे येतो, जुन्या रायडरांकडे.

तुमच्यात एक उतरंड आहे. बुलेटवाला ड्युकवाल्याला हसतो, सुपरबाइकवाला दोघांना हसतो, आणि तिघे मिळून पल्सरवाल्याकडे बघतसुद्धा नाहीत. प्रत्येकाला वाटतं की बेफाम चालवणारा तो खालचा. पण १९८३ साली राजदूत ३५० आली तेव्हा याच वाक्यांनी तिच्या पोरांना हिणवलं गेलं होतं. तीसेक अश्वशक्तीची गाडी आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक. तेव्हाची बुलेट अठरा अश्वशक्तीची. ती पोरं सुसाट सुटली. काही आज साठीला आली आहेत आणि कौतुकाने आठवणी सांगतात. जी आली नाहीत त्यांच्या आठवणी त्यांच्या आया सांगतात. जे वाचले त्यांनी नशिबाला कौशल्य समजू नये.

दुसरी गोष्ट टोचेल, पण सांगायलाच हवी. नवखेपणाचा वयाशी संबंध नसतो. कॉलेजात आरएक्स १०० चालवली, मग नोकरी, लग्न, गाडीच्या चार काचा. वीस वर्षांनी बोनस आला आणि आठशे सीसीची गाडी घेतली. हा पंचेचाळिशीचा माणूस रस्त्यावर जितका नवखा आहे तितका तो ड्युकवाला पोरगाही नसेल. आरएक्स १०० अकरा अश्वशक्तीची होती. हातांना त्या गाडीची आठवण आहे, या गाडीची नाही. अंगावर पन्नास हजारांचं जॅकेट आहे म्हणून त्याला कुणी बेफाम म्हणत नाही. पोराच्या अंगावर साधा टी-शर्ट आहे म्हणून त्याला सगळे म्हणतात. मला या निवाड्यात रस्त्याचा विचार कमी आणि खिशाचा जास्त दिसतो.

रस्त्याचा विचार करू या. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. शेतातून रस्त्यावर आलेली म्हैस दिसणं, मेंदूला कळणं आणि हात ब्रेकवर जाणं यातच तो सेकंद संपतो. तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायचं अंतर चौपट होतं. हे गणित शाळेत शिकवलेलं असतं, पण मनगटाला ते कुणी शिकवत नाही.

वळणाचं याहून वाईट. ताम्हिणीच्या डाव्या वळणात वेग जास्त झाला असं वाटलं की नवखा घाबरतो, समोरून येणाऱ्या एसटीकडे बघतो आणि पुढचा ब्रेक आवळतो. मोटरसायकल नजर जाईल तिकडे जाते. ब्रेक आवळला की वाकलेली गाडी उभी राहू पाहते आणि सरळ सुटते, म्हणजे एसटीच्या बाजूलाच. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची, गाडी त्या नजरेमागे न्यायची. हे जाणत्याला माहीत असतं. सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं आपण हसण्यात घालवतो.

त्यात आमचा महामार्ग. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि एक पिढी या रस्त्याची वळणं आणि तात्पुरते फाटे बघत मोठी झाली. काँक्रीट संपून अचानक डांबर लागतं, डांबर संपून खडी. खड्ड्यात कधी पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. जूनच्या पहिल्या पावसात महिनोन् महिने सांडलेलं तेल वर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. डोलवीकडचे अवजड ट्रेलर, कडेला थांबून माणसं भरणारी मिनिडोर, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, हे इथलं रोजचं आहे. रोज जाणाऱ्याला कुठे हळू व्हायचं ते पाठ असतं. मुंबईहून पहिल्यांदा आलेल्या पोराला काय ठाऊक?

एक माणूस या सगळ्या चर्चेत कधीच नसतो. पहिल्या पाळीला डबा अडकवून निघालेला कामगार, भाजीची पाटी घेऊन मिनिडोरची वाट बघणारी बाई, शिकवणीला चाललेली सायकलवरची मुलगी. टपरीवरची चेष्टा दोन रायडरांमधली असते, पण धडक यांना बसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे गेलेली ५०,०२९. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या महागड्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, ते दोघेही मोटरसायकलवरच होते. ताकदीची गाडी कच्च्या हातात गेली की किंमत बहुतेक वेळा दुसराच मोजतो.

म्हणून बेफाम पोराची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. सायलेन्सर काढून दवाखान्यासमोर फटाके फोडणारा, एका चाकावर गाडी उचलून बाजारातून जाणारा, एसटी आणि ट्रेलरच्या मधून कट मारणारा गुन्हा करतो आहे. त्याला पोलिसांनी पकडावं, गाडी जप्त करावी, परवाना काढून घ्यावा. तिथे दया नको. पण त्या गर्दीत निम्मी पोरं बेफाम नसतात, अडाणी असतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पुढे गेलेल्यांना गाठायला म्हणून ती जोरात मारतात. आणि पुढे कोण गेलेलं असतं? तुम्ही.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. गटात नवा पोरगा येतो. त्याला शेवटी ठेवतात. पुढचे आपल्या वेगाने निघतात, ट्रेलर आला की ते निसटून जातात आणि तो अडकतो. मग एकटा पडण्याच्या भीतीने तो तोच ट्रेलर वळणावर ओलांडतो. मागाहून सगळे म्हणतात, "अंदाज नाही साल्याला." त्याला त्या जागी कुणी ढकललं?

ज्यांना खरोखर गट चालवता येतो ते उलट करतात. सगळ्यात नवखा दुसऱ्या नंबरवर, पुढाऱ्याच्या लगेच मागे. पुढारी आरशात त्याला बघत चालतो आणि अख्ख्या गटाचा वेग त्या पोराला झेपेल तेवढाच ठेवतो. सगळ्यात पक्का माणूस शेवटी, औषधांची पेटी घेऊन. सरळ रस्त्यावर एकाआड एक डावी-उजवी बाजू धरायची, खिंडीत एका रांगेत. कुणी मागे पडला तर पुढच्या फाट्यावर सगळे थांबतात, आणि हे निघतानाच सांगून ठेवलेलं असतं, म्हणजे मागे पडलेल्याला घाई करावी लागत नाही. असे गट महाराष्ट्रात आहेत. ते गाजत नाहीत, कारण त्यांच्या चित्रफितीत थरारक काही नसतं. ते सगळे संध्याकाळी घरी जेवायला पोचतात.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. सरकारकडे, परवान्याला पायऱ्या करा; ताकदीच्या गाडीसाठी दोन वर्षांचा अनुभव आणि दुसरी परीक्षा ठेवा, आणि ती परीक्षा मैदानातल्या आठच्या आकड्याऐवजी रस्त्यावर घ्या. शोरूमवाल्यांकडे, गाडी विकण्याआधी एक दिवस ब्रेक आणि वळण शिकवा. नफ्यातून तेवढं निघतं. बापाकडे, पोराला गाडी घ्यायच्या आधी स्वतः त्याच्या मागे बसून पेणपर्यंत जाऊन या. बसवलं नाही तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

आणि जुन्या रायडरांकडे मागणी सगळ्यात मोठी, कारण कायदा बदलायला वर्षं लागतील आणि पुढचा रविवार चार-पाच दिवसांवर आहे. टपरीवर त्या पोराच्या बाकावर जाऊन बसा. त्याच्या टायरची हवा बघा. हेल्मेटचा पट्टा लावला आहे का ते बघा. त्याला सांगा, "आज माझ्या मागे राहा, मी जोरात नेणार नाही." तो ऐकणार नाही, असं तुम्ही म्हणाल. चारांतला एक ऐकणार नाही. तीन ऐकतील, कारण त्या वयात मोठ्या गाडीवाल्याने आपल्याला हाक मारावी याहून मोठं काही नसतं.

एवढं करायचं नसेल तर निदान त्याच्या मरणाचं भाकीत चहाबरोबर करू नका.