आरक्षित सीट

नाना पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. एकाच्या आरक्षित सीटवर दुसरा बसलेला त्यांना नोकरीभर खपला नाही. आता निवृत्तीनंतर तो गाण्यांतही खपत नाही.

शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कराओके असतं. नाना वडाळे तलावाला फेरी मारून येतात, पुढची खुर्ची धरतात आणि मांडीवर शंभर पानी वही उघडतात. लाल पेनाने रकाने आखलेले: गाणं, चित्रपट, साल आणि शेवटचा 'नातं'. कोणी डोळे मिटून आळवायला लागलं की प्रश्न ठरलेला, "ही बाई कोणाची?" गाणारा बिचारा स्क्रीनवर पळणारे शब्द गाठण्याच्या धांदलीत, त्याला काय ठाऊक! बँकेतले एक गृहस्थ वीस वर्षं बायकोकडे बघत जे गाणं म्हणायचे, ते दुसऱ्याच्या बायकोसाठी आहे हे नानांनी भर गच्चीत जाहीर केलं. तेव्हापासून ते फक्त देशभक्तीपर गातात.

'सिलसिला'तलं (१९८१) होळीचं गाणं म्हणजे नानांचं जुनं दुखणं. "धुळवडीला अख्खी सोसायटी जोडीने नाचते त्याच्यावर! अरे, पडद्यावर तिचा नवरा समोर बसलाय, ह्याची बायको समोर बसलीय!" त्यात ते गाणं हरिवंशराय बच्चनांचं, पडद्यावर गाणारा त्यांचाच मुलगा. "बापाने पोराला असलं लिहून द्यावं?"

लावणीचा विषय निघाला की नाना उभे राहूनच बोलतात. सोलापूरचे राम जोशी तमाशाच्या नादी लागले, थोरल्या भावाने घराबाहेर काढलं. "बरोबर केलं!" रेठऱ्याचे कुलकर्णी घरदार, जात सोडून पवळाबाईच्या संगतीने फडावर उभे राहिले, पठ्ठे बापूराव झाले. "काय मिळवलं?" पण हे सांगताना आवाज असा काही हळवा होतो की त्या फडाच्या दारात नानांनीच तिकिटं फाडली असावीत. वाचनालयातून आणलेल्या लावण्यांच्या पुस्तकाची मुदत त्यांनी तीनदा वाढवून घेतलीय. विचारलं तर म्हणतात, "शत्रूचा अभ्यास हवा." खरं सांगायचं तर गच्चीवर शब्द नीट ऐकणारा माणूस हा एवढा एकच. आम्ही आपले ठेका धरतो.

कोजागिरीला फारच आग्रह झाला, तेव्हा नानांनी घसा खाकरून गवळण धरली. राधा, कृष्ण, यमुनेचा काठ. आवाजही अनपेक्षित गोड. माना डोलल्या. गाणं संपताच पाचवीतली नात वही घेऊन पुढे सरसावली.

"नाना, राधेचं 'नातं' काय लिहू?"

"भक्ती लिही."

"पण तिचं लग्न झालेलं ना? आजी म्हणाली, नवऱ्याचं नाव अनय."

गच्ची चिडीचूप. नाना दुधावरची साय फुंकत राहिले.

"त्याचं आरक्षण," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या गाडीचं होतं."