दिनविशेषकाका

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतो की आज वार कोणता हे सांगायला त्याला कॅलेंडरकडे बघावं लागतं. पण आजच्या तारखेला १८८३ साली कोण गेलं हे झोपेतून उठवून विचारा, उत्तर तयार. बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. आयुष्यभर खाती जुळवल्यावर आता तो जगाची खाती जुळवतो : जन्म जमेला, मृत्यू नावे.

या मंडळींची खरी दिवाळी १४ मार्चला. दूधवाल्याच्याही आधी सोसायटीच्या ग्रुपवर यादी थडकते. १८७९, जर्मनीतल्या उल्म गावी आइन्स्टाइन यांचा जन्म. १८८३, लंडनमध्ये कार्ल मार्क्स यांचं निधन. १९३१, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट लागला. २००१, ईडन गार्डन्सवर लक्ष्मण-द्रविड दिवसभर खेळले, ऑस्ट्रेलियाला एकही विकेट मिळाली नाही. २००३, सुरेश भट गेले. २०१०, विंदा करंदीकर गेले. २०१८, स्टीफन हॉकिंग गेले. शिवाय नद्यांसाठीचा दिवस आहे, अमेरिकेत बटाट्याच्या वेफर्सचा दिवस आहे आणि जपानात ‘व्हाइट डे’ आहे. म्हणजे व्हॅलेंटाइनला बायकांनी दिलेल्या चॉकलेटची पुरुषांनी महिन्याभरानं करायची परतफेड.

एवढं सगळं एका दमात आल्यावर ग्रुपचं व्हायचं ते होतं. कुणी केक टाकतं, कुणी हात जोडतं. केक मार्क्सला जातो आणि श्रद्धांजली वेफर्सला. पहिल्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी हळहळतात, “अरेरे, विंदा गेले? कधी?” काका शांतपणे लिहितात, “२०१०.” त्यावर काकूंचा अंगठा येतो.

सकाळी फेरी मारून मंडळी कट्ट्यावर टेकली की भाष्य सुरू होतं. नुसती घटना सांगण्यात काकांना गोडी नाही, त्यांना योगायोग हवा. “आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला हॉकिंग गेले. दोघंही शहात्तराव्या वर्षी! आणि हॉकिंग जन्मले ८ जानेवारी १९४२ला, म्हणजे गॅलिलिओ जाऊन बरोब्बर तीनशे वर्षं झाली त्या दिवशी!” एवढं बोलून ते आपल्याकडे असं बघतात, की ही सगळी व्यवस्था त्यांनीच लावली असावी. कृष्णविवरात नेमकं काय होतं हे मात्र त्यांना विचारू नये. तो त्यांचा प्रांत नव्हे.

या तारखेला त्यांचा एक पराभव ठरलेला. हा ‘पाय दिवस’ १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये लॅरी शॉ यांनी सुरू केला, आणि २०१९मध्ये युनेस्कोनं याच तारखेला गणित दिन म्हणून मान्यता दिली, इथवर ठीक चालतं. मग तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर म्हणतो, “पण काका, ते अमेरिकन लोक महिना आधी लिहितात म्हणून ३.१४ होतं. आपल्याकडे १४.३!” काका गप्प बसतात, पण विसरत नाहीत. बावीस भागिले सात हीसुद्धा त्याच पायची किंमत, त्यामुळे २२ जुलैला पहाटे इंजिनिअरला स्वतंत्र मेसेज जातो.

घरी लढाई वेगळीच. भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या चौकटीवर काकूंचा हक्क जुना आहे : दुधाचे खाडे, गॅसची तारीख, कामवालीचा ॲडव्हान्स. उरलेल्या जागेत काका बारीक अक्षरात इतिहास कोंबतात. परिणामी १४ मार्चच्या चौकटीत ‘मार्क्स गेले, सिलिंडर आला’ अशी नोंद दिसते. इतिहासाचं इतकं भौतिकवादी दर्शन खुद्द मार्क्सलाही आवडलं असतं.

पण ‘आलम आरा’वर आले की काका खरोखर रंगतात, आणि तेव्हा ऐकावंसं वाटतं. आर्देशिर इराणींचा हा बोलपट, नायक मास्टर विठ्ठल. मूकपटातला एवढा मोठा नट की जुन्या कंपनीशी करार मोडून तो इराणींकडे आला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. पण विठ्ठलरावांची हिंदुस्थानी जेमतेम, म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बोलायला फारसं ठेवलंच नाही, असं सांगतात. चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. हे सांगताना काकांचा आवाज असा पडतो, की तो डबा त्यांच्याच माळ्यावरून हरवला असावा.

त्यांना गप्प करायचंच असेल तर एक उपाय आहे. विचारा, “शिवजयंती तारखेनं की तिथीनं?” १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया, या प्रश्नावर कट्ट्याचे दोन तट पडलेले त्यांनी पाहिले आहेत. ते लगेच चष्मा पुसायला घेतात. पण हा उपाय जपून वापरा. भट आणि विंदा एकाच तारखेला गेले, हे तुम्हांला त्यांच्यामुळेच कळलं. उद्या पहाटे त्यांची यादी येईल, तेव्हा केक टाकण्याआधी जन्म आहे की मृत्यू, तेवढं वाचून घ्या.