चेतक गेली, चेतक आली

"अगं सुषमा, कढीपत्ता हवा तर घे की तोडून, विचारतेस काय? आणि तोंड का उतरलंय तुझं?"

"काय सांगू काकू! माझ्या अभिचा प्रोजेक्ट एकाएकी बंद. सध्या बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण काम नाही. वेळेत दुसरा मिळाला नाही तर नारळ! 2025 च्या जुलैत टीसीएसनं बारा हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं ना, तेव्हापासून हिंजवडीत सगळ्यांच्याच पोटात गोळा आहे."

"पुण्याला हे नवीन आहे का? आकुर्डीचा बजाजचा कारखाना आठव. बजाज चेतक! 1972 ला आली. आमच्या लग्नाच्या वेळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. कुणाचा मेहुणा परदेशातून डॉलर पाठवायचा, त्याला मात्र लवकर मिळायची. मग अ‍ॅक्टिव्हा आली नि बायकापोरी भुर्रकन निघाल्या."

"आकुर्डी बंद कधी झाली हो?"

"2007 ला. उत्तराखंडात पंतनगरला करमाफी, काम तिकडे गेलं. इथे कामगारांना पगार चालू, पण हाताला काम नाही. घरी बसून पगार म्हणजे चैन वाटते ना? मला तर ती शिक्षाच वाटते. 2009 ला राजीव बजाजनी स्कूटरच बंद करायचं ठरवलं. वडील राहुल बजाज चारचौघांत म्हणाले, मला वाईट वाटतंय. पोरानं ऐकलं नाही."

"आणि आता तीच चेतक बॅटरीवर पळतेय!"

"2020 च्या जानेवारीत आली. आणि कारखाना कुठे काढला? आकुर्डीतच, 10 जून 2022 ला, राहुल बजाजांच्या जन्मदिवशी. ते फेब्रुवारीतच गेले, बघायला राहिले नाहीत. कंपनीला दुसरी खेळी मिळते गं, लाइनवरच्या माणसाला नाही मिळत."

"म्हणजे माझ्या अभिचं..."

"थांब, घाबरवत नाहीये. आमच्या धाकट्या भावोजींचं नारायण पेठेत गॅरेज आहे ना? आयुष्य चेतकवर गेलं. स्कूटर आडवी करून किक मारायची, प्लगची काजळी घासायची, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. बॅटरीच्या गाडीला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, इंजिन ऑइल नाही. पहिली गाडी आली तेव्हा नुसते भोवती फिरत राहिले. जाऊबाई म्हणाल्या, आता शटर ओढा. तर भावोजी गेले नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून मल्टिमीटर धरायला शिकायला! फ्यूज उडवले, पोरं हसली. पण ब्रेक, शॉकअब्सॉर्बर, चाकाचा आवाज यातलं त्या पोरांना काही कळेना. मग ठरलंच. वायरिंग तुम्ही शिकवा, कान मी देतो."

"आता चालतंय गॅरेज?"

"पूर्वीइतकं नाही, खोटं कशाला बोलू? ऑइल बदलायचे पैसे गेले ते गेलेच. पण शटर उघडं आहे. अभिला सांग, पगार चालू आहे तोवरच नवीन काय ते शिकून घे. नोकरी गेल्यावर शिकणं फार महाग पडतं, तेव्हा डोकं हप्त्यात अडकलेलं असतं. आणि बेंचवर आहे हे बायकोपासून लपवू नकोस म्हणावं."

"तिला नाही सांगितलं अजून त्यानं."

"मग आधी ते सांगायला लाव. आज रात्रीच."